पोर हॉकी खेळायचं म्हणतंय? मग आधी हे वाचा

घरातलं सातवी-आठवीतलं पोर हॉकीची स्टिक घेऊन फिरायला लागलं, की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, ‘अरे, मग क्रिकेट का नाही?’ आणि दुसरा, ‘यात पुढे काय?’ पहिल्या प्रश्नावर वेळ घालवू नका. ज्याला जे आवडतं ते तो खेळतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र आईवडिलांकडे हवं, आणि ‘बघू, पुढचं पुढे’ हे उत्तर नव्हे. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ रोजी भारतानं जर्मनीला ५-४ असं हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवलं. पॅरिसला २०२४ मध्ये स्पेनला २-१ नं हरवून पुन्हा कांस्य आणलं. पोरांना हॉकी दिसू लागली ती त्यामुळे, आणि ते चांगलंच झालं. पण टीव्हीवर पदक दिसतं. पदकाआधीची दहा वर्षं त्या खेळाडूचं घर कशावर चाललं, हे दिसत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडे हॉकीपटू नोकरीच्या आधारावर उभा राहतो. देशाची जर्सी मान देते, घर नोकरी चालवते. क्रिकेटमध्ये बोर्डाचा वार्षिक करार असतो, तसा करार हॉकीत नाही. केंद्र सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेत आलेल्या खेळाडूला महिना ५० हजार रुपये भत्ता मिळतो आणि अलीकडे हॉकी इंडिया जिंकलेल्या सामन्यामागे खेळाडूला ५० हजार देते. पण हे सगळं भारताच्या संघात पोचल्यानंतरचं. त्याआधी जी पाच-सात वर्षं जातात, साधारण पंधरा ते बावीस या वयातली, तिथे खरी कसोटी असते. पोराची गळती तिथेच होते, आणि ती बहुतेक वेळा खेळ कमी पडला म्हणून होत नाही.

हे समजून घ्यायला आपल्याजवळचं उदाहरण आहे. धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याजवळ खडकीला. घर तमिळ, वडील नागलिंगम दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे, वस्ती कारखान्याच्या कामगार वसाहतीत. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन कारखान्याच्या मऊ, चिखलट मैदानावर ही भावंडं खेळली. डोळ्यांसमोर नमुना होता हॉकीपटू महंमद शाहिदचा. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि सत्काराच्या भाषणात ती हमखास येते. गरिबी, मोडकी स्टिक, जिद्द. ऐकून पालकांना वाटतं, जिद्द असली की झालं.

पण कारकीर्दीचा पुढचा भाग नीट वाचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईला गेला, कारण थोरला भाऊ रमेश तिथे आरसीएफ कंपनीच्या संघाकडून मुंबई लीग खेळत होता. रमेश स्वतः भारताकडून खेळलेला. म्हणजे परक्या शहरात राहायची सोय झाली आणि वाट दाखवणारा माणूस घरातलाच मिळाला. मग महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जागा मिळाली आणि तिथे जोकिम कार्व्हालोंसारखा मार्गदर्शक भेटला. लीगमध्ये आठवड्याला तगडे सामने, हातात नोकरी, डोक्यावर जाणता प्रशिक्षक. या तिन्ही गोष्टी विशीच्या आत जुळून आल्या. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा २१ वर्षांचा होता. खडकीतच राहिला असता तर? पायात तोच वेग असता, पण भारतात कोणाला कळला असता, याबद्दल मला शंका आहे. तेव्हा पोराच्या जिद्दीची काळजी करू नका, ती त्याची त्याला असते. तुमचं काम आहे पंधराव्या वर्षानंतर त्याला योग्य मैदानावर, योग्य माणसाच्या हाताखाली आणि नोकरी देणाऱ्या संघाच्या नजरेसमोर ठेवणं.

आता सुरुवातीपासून बघू.

हॉकी सुरू करायला आठ ते बारा हे वय उत्तम. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करूनही मुलं पुढे गेली आहेत, विशेषतः आधी धावणं किंवा खो-खो खेळलेली. पहिली स्टिक घेताना दुकानदार कार्बनचं प्रमाण सांगून महागडी गळ्यात मारतो. घेऊ नका. कार्बन जास्त तितकी स्टिक कडक, फटका जोरात जातो; पण अजून बॉल थांबवता न येणाऱ्या पोराच्या हातात ती दिली, की बॉल स्टिकला लागून दोन फूट उडतो. सुरुवातीला लाकडी किंवा कमी कार्बनची हलकी स्टिक पुरते. पोराला सरळ उभं करा, स्टिक जमिनीवर टेकवून शेजारी धरा. मूठ कमरेच्या हाडाशी आली की माप बरोबर. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून लांब स्टिक घेतली तर पोर कोपर बाहेर काढून खेळायला शिकतं आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही. नियमात स्टिकचं वजन ७३७ ग्रॅमच्या आत असावं लागतं आणि ती ५१ मिलिमीटरच्या कड्यातून आरपार जावी लागते. मुलांच्या स्टिका याहून कितीतरी हलक्या असतात. डावखुऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट. डावखुरी स्टिक हॉकीत नसतेच. सगळे एकाच बाजूनं खेळतात, आणि स्टिक फिरवण्याचं मुख्य काम वरच्या डाव्या हाताचंच असतं. डावखुरं पोर इथे मागे पडत नाही.

पैसे वाचवायचे तर स्टिकवर वाचवा, नडगीच्या पॅडवर आणि दातांच्या गार्डवर नको. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि टणक असतो. समोरचे दोन दात गेल्यावर गार्ड घेणारे पालक मी पाहिले आहेत.

मैदानाचा प्रश्न याहून मोठा. माँट्रियलला १९७६ मध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली, आणि खेळ बदलून गेला. आज जिल्हा पातळीच्या वर बहुतेक सामने टर्फवर होतात, आणि आपली मुलं शिकतात मुरमावर. फरक कुठे पडतो ते जवळून बघा. मुरमाच्या मैदानावर येणारा बॉल शेवटच्या क्षणी खड्याला लागून उडी घेतो, म्हणून पोर स्टिक उभी धरून, हात सैल ठेवून, बॉलची वाट पाहतं. टर्फवर तोच बॉल उडत नाही, सरळ घसरत येतो आणि दुप्पट वेगानं येतो. तिथे गुडघे वाकवून, स्टिक जवळजवळ आडवी करून बॉल पकडावा लागतो. मुरमावरचं पोर पहिल्यांदा टर्फवर उतरलं, की पहिले चार-पाच बॉल त्याच्या स्टिकखालून निघून जातात. मग ते घाबरतं. निवड चाचणीच्या दिवशी हे घडलं तर एक वर्ष गेलं समजा. म्हणून शाळेचं मैदान मुरमाचं असेल तरी महिन्यातून दोन-तीनदा पोराला टर्फवर न्या. पुण्याकडे बालेवाडी आणि पिंपरीच्या नेहरूनगरचं मैदान आहे, मुंबईत चर्चगेटजवळचं महिंद्र स्टेडियम, कोल्हापूरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं स्टेडियम, छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (‘साई’) केंद्र, गोव्यात म्हापशाचं पेडें. प्रवासाचा त्रास होईल, पण हा त्रास खासगी शिकवणीपेक्षा जास्त कामाचा आहे.

मुरमाचा एक फायदा मात्र आहे, तो मान्य करायला हवा. बॉल कधी कसा येईल ते माहीत नसल्यामुळे मुरमावरच्या मुलांची मनगटं चपळ होतात. धनराजच्या पिढीचं ड्रिबलिंग असल्याच मैदानांवर घडलं. तेव्हा टर्फ मिळत नाही म्हणून रडत बसायचंही कारण नाही.

पुढची पायरी स्पर्धांची. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. दिल्लीची नेहरू हॉकी स्पर्धा शाळकरी मुलांसाठी प्रतिष्ठेची. दुसरी वाट हॉकी इंडियाची. तिथे राज्य संघटनेमार्फत सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर अशा राष्ट्रीय स्पर्धा होतात. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवा. शाळेचे सर फक्त शालेय स्पर्धांचं बघतात आणि क्लबचे सर फक्त संघटनेचं, त्यामुळे मधल्या तारखा पालकालाच लिहून ठेवाव्या लागतात.

घर खेड्यात असेल आणि पोर खरंच चमकदार असेल, तर निवासी क्रीडा प्रबोधिनीचा विचार जरूर करा. शंका असेल तर सातारा जिल्ह्याकडे बघा. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आल्या. २०२२ च्या ज्युनिअर विश्वचषकात चौथ्या आलेल्या भारतीय संघात दोघी होत्या, आणि वैष्णवी पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. एकाच तालुक्यातून दोन मुली भारताकडून खेळतात, ही योगायोगाची गोष्ट नाही. गावात कोणीतरी शिकवणारं होतं, आणि पुढची पायरी वेळेवर मिळाली. मुलीला बाराव्या-तेराव्या वर्षी घराबाहेर ठेवायचं म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. तिथे स्वतः जाऊन या. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई कोण, महिला प्रशिक्षक आहे का, जेवणात अंडी-दूध रोज मिळतं का, रात्री मुलगी आजारी पडली तर डॉक्टरकडे कोण नेतं, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग येणारी संस्था असेल तर तिथे मुलगी ठेवू नका.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे भले भले घसरतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाइड यांवर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं असू द्या. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर, तिसरीकडे आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं झालं की नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाच्या पडताळणीत प्रमाणपत्र अडकतं. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशीच स्कॅन करा. संघाची छापील यादी, सामन्याची बातमी, सहभागाचं पत्र, सगळं एका फायलीत ठेवा. आणि कोणी ‘एक वर्ष कमी लावू, पोर सब-ज्युनिअरमध्ये चमकेल’ म्हणालं तर त्या माणसाला दारात उभं करू नका. आज एक वर्ष फायद्याचं वाटतं. उद्या बंदी येते, आणि पोराच्या खऱ्या मेहनतीवरही शंका घेतली जाते.

आता निवड चाचणी. पालकांना वाटतं, पोरानं तीन जणांना चकवून गोल मारला की निवड पक्की. निवड करणारे जुने खेळाडू वेगळंच बघत असतात. वीस-वीस मिनिटांच्या खेळात एका मुलाकडे बॉल फार तर दहा-बारा वेळा येतो, एकूण दीड-दोन मिनिटं. उरलेला वेळ तो काय करतो? बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे एकदा नजर टाकतो का? आलेला बॉल उजव्या पायासमोर निपचित पडतो, की स्टिकला लागून पळतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बॉल हातचा गेल्यावर तो हात कमरेवर ठेवून उभा राहतो, की त्याच क्षणी वळून मागे धावतो? या शेवटच्या गोष्टीवर किती नावं खोडली जातात ते पालकांना कळतही नाही. हे घरी शिकवता येतं. सामना बघायला गेलात तर पोराचे गोल मोजू नका, बॉल गेल्यावर ते किती वेळा मागे धावलं ते मोजा आणि रात्री जेवताना त्याबद्दल बोला. बाहेरून ‘मार, मार’ ओरडणं तर पूर्ण बंद. ते ऐकून पोर पास द्यायच्या जागी हिट मारतं.

जागा कोणती, हा निर्णय प्रशिक्षकावर सोडा. बारा-तेरा वर्षांच्या प्रत्येक पोराला सेंटर फॉरवर्ड व्हायचं असतं. भारताचा गोलकीपर श्रीजेश याचं उदाहरण माहीत असलेलं बरं. केरळच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये तो गेला तेव्हा हॉकीपटू नव्हताच, धावण्यापासून व्हॉलीबॉलपर्यंत बरंच काही करत होता. प्रशिक्षकानं सुचवलं म्हणून गोलकीपर झाला. गोलकीपरचं किट महाग, तर वडिलांनी घरची गाय विकून ते घेतलं, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. पुढे टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पदकांत तो गोलमध्ये होता. गोलकीपरची कारकीर्द लांब चालते, पण संघात जागा एकच असते, हेही पोराला आधीच सांगा. आणि गाय विकण्याआधी संस्थेकडे जुनं किट आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी असतं.

दुसरी खास कला ड्रॅग फ्लिकची. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका ‘हिट’ असेल तर बॉल गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला हे बंधन नाही. बॉल स्टिकच्या वाकणात धरून, ओढत आणून फेकला तर वरच्या कोपऱ्यातही मारता येतो. त्यामुळे चांगल्या फ्लिकरला प्रत्येक संघ शोधत असतो, मग तो विभागाचा असो वा देशाचा. पण हा फटका कंबर पिळून मारला जातो. चौदा वर्षांच्या पोराला रोज शंभर फ्लिक मारायला लावणारा प्रशिक्षक त्याच्या पाठीचं वाटोळं करतो. सोळापर्यंत तंत्र शिकू दे, मोजक्या फ्लिक, आणि पोट-पाठीचे व्यायाम जास्त. एरवीही हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे. मांडीचे मागचे स्नायू आणि कंबर, दुखणी इथूनच सुरू होतात. मुलींच्या बाबतीत वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. दम लागतो म्हणून संघाबाहेर बसवलेल्या मुलीला कितीदा सरावाची नव्हे, लोहाची गरज असते.

बारावीनंतर मुख्य प्रश्न येतो. पोर ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा खेळलं असेल, तर सतरा ते बावीस या वयात त्याला संघ देणारी नोकरी किंवा किमान शिष्यवृत्ती मिळायला हवी. रेल्वे, सैन्यदलं, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियमसारख्या तेल कंपन्या, पंजाब नॅशनल बँक, पोलीस, केंद्रीय राखीव दलं यांचे संघ आहेत. महिला हॉकीत रेल्वेचा आधार सर्वांत मोठा. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीच्या स्पर्धेवर कोणत्या गटाचं पद मिळतं ते शासन निर्णयात नीट लिहिलेलं आहे, तो वाचा. प्रस्ताव आला की तीन गोष्टी विचारा. कायम नोकरी की करार की नुसता मासिक भत्ता? खेळ थांबल्यावर कोणत्या कामावर, कोणत्या श्रेणीत? आणि दुखापत झाली तर? एकेकाळी एअर इंडियाचा संघ म्हणजे मोठमोठ्या खेळाडूंचं घर होतं, धनराजही तिथेच होता. ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. ज्या संघात आज जागा मिळते तो दहा वर्षांनी असेलच असं नाही. म्हणून पदवी पूर्ण करा, मुक्त विद्यापीठातून का होईना.

‘पण आता लीग आहे ना?’ असं पोरं म्हणतात. आहे. हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले आणि महिलांमध्ये उदिताला ३२ लाख. हे आकडे बघून हुरळून जाण्याआधी त्याच लीगचा इतिहास बघा. २०१३ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या मुलांचं ऐन खेळायचं वय त्या मधल्या वर्षांत गेलं, त्यांनी काय करायचं होतं? लीगचे पैसे आले तर वरकड समजा. परदेशी क्लबही चांगली शाळा असते. धनराज लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, फ्रान्समध्ये लियाँकडून, जर्मनीत स्टुटगार्टमध्ये, मलेशियात आणि ढाक्याच्या अबाहनीकडून खेळला. मुंबईच्या युवराज वाल्मीकीनं मरीन लाइन्सच्या झोपडीतून जर्मनीची लीग गाठली. पण असं सहसा देशाकडून नाव झाल्यावरच होतं.

आता जरा नावडता भाग. पोराला कधी ना कधी संघातून वगळलं जाणार आहे, आणि ते नेहमी न्याय्य असेल असं नाही. धनराज कर्णधार असताना डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. १९६६ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ३२ वर्षांनी. आणि त्यानंतर लगेच कर्णधारासह त्या संघातल्या अनेक जणांना ‘विश्रांती’ देण्यात आली. सुवर्णपदक विजेत्या कर्णधाराची ही गत, तर तुमच्या-आमच्या पोराचं काय! धनराज परत आला. २००० ला सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध भारत १-० नं पुढे होता, शेवटच्या दोनेक मिनिटांत बरोबरीचा गोल बसला आणि उपांत्य फेरी हुकली. तिथेही तो थांबला नाही. २००२ च्या कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, २००३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं क्वालालंपूरला आशिया कप जिंकला.

त्याची कारकीर्द आकड्यांत मांडली तर ३३९ सामने, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. बार्सिलोनात भारत सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत आणि अथेन्सला पुन्हा सातवा. ऑलिंपिक पदक एकही नाही. खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली, आणि गेल्या चाळीस वर्षांतला सर्वोत्तम भारतीय फॉरवर्ड कोण, असं विचारलं तर मी तरी त्याचंच नाव घेईन. पोरानं ‘मला ऑलिंपिक पदकच हवं’ असं मनाशी धरलं असेल, तर हे आकडे त्याला दाखवा. सांघिक खेळात पदक एकट्याच्या हातात नसतं. धनराजचा स्वभाव तापट होता, जे वाटलं ते तो तोंडावर बोलायचा, आणि त्याची किंमतही त्यानं मोजली. पोरं त्याचे लांब केस आणि तो ताव उचलतात. तो ताव ३३९ सामने खेळणाऱ्याला परवडला; चाचणीला आलेल्या पोराला परवडत नाही.

वगळल्यावर घरात काय करायचं? पहिला आठवडा काहीच बोलू नका. संघटनेच्या माणसाला फोन करून भांडू नका, समाजमाध्यमावर लिहू नका. मग पोरालाच प्रशिक्षकाकडे पाठवा. ‘मी काय सुधारू?’ हा प्रश्न त्यानं स्वतः विचारावा, तुम्ही नव्हे. उत्तर मिळालं तर त्यावर सहा महिने काम. उत्तर मिळालंच नाही, किंवा सलग दोन-तीन वर्षं तेच होत राहिलं, तर दुसऱ्या जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून किंवा विभागाच्या संघाकडून खेळायची वाट शोधा. बदली करणं हा पळपुटेपणा नाही. एकोणीसच्या पुढे राज्याच्या संघातही जागा मिळत नसेल, तर हौशी क्लबात खेळत राहावं आणि मुख्य लक्ष शिक्षणाकडे वळवावं, असं मी स्पष्ट सांगेन. कडू आहे, पण पंचविसाव्या वर्षी ऐकण्यापेक्षा एकोणिसाव्या वर्षी ऐकलेलं बरं.

खेळ संपल्यानंतरचं आयुष्य हॉकीत फार लवकर येतं. धनराज ३६ व्या वर्षापर्यंत खेळला, हा अपवाद. बहुतेकांचा आंतरराष्ट्रीय खेळ तिशीच्या आसपास थांबतो. मुंबईचा विरेन रस्किन्हा २००१ मध्ये होबार्टला ज्युनिअर विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, अथेन्स ऑलिंपिक खेळला आणि मग विशीतच खेळ थांबवून हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये गेला. पुढे ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेचा कारभार त्यानं पाहिला आणि कितीतरी खेळाडूंच्या मागे ती संस्था उभी राहिली. धनराजनं गुजरातमध्ये क्रीडा प्राधिकरणाच्या अकादमीत मुलं शिकवली. खडकीच्या माणसाला पोरं घडवायला गुजरातला जावं लागावं, हे आपल्याला खटकायला हवं, पण तो विषय वेगळा. पंच आणि तांत्रिक अधिकारी होण्याच्या परीक्षा असतात, पतियाळाला प्रशिक्षकाची पदविका मिळते, फिजिओथेरपीपासून सामन्याच्या चित्रफितींच्या विश्लेषणापर्यंत नवी कामं निघाली आहेत. विशी ओलांडली की पोरानं यातलं एक निवडून सुटीत थोडं थोडं शिकत राहावं.

या महिन्यात एवढं करा. पोराच्या जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन प्रबोधिनीच्या पुढच्या चाचण्या कधी आहेत ते विचारा. आणि येत्या रविवारी पोराला जवळच्या टर्फवर सकाळी सहाला घेऊन जा. तिथे मोठ्या वयाची मुलं सराव करत असतील. त्यांच्यातल्या दोघांना विचारा, नोकरी कुठे लागली आणि कशी लागली. ती मुलं खरं सांगतात.